निगेटिव्ह वाचायला शिकताना

रक्तपेढीत नव्याने लागलेल्या टेक्निशियनला सुरुवातीच्या दिवसांतच एक बारीकसा नियम ऐकायला मिळतो: नळीत आधी सिरम, मग पेशी. खरं तर क्रम उलटा झाला तरी प्रतिक्रियेत काही बिघडत नाही. रुग्णाचं सिरम आणि दात्याच्या तांबड्या पेशी कशाही एकत्र आल्या तरी जे व्हायचं ते होतंच. मग हा हट्ट कशासाठी? सिरम फिकट पिवळं, जवळपास पाण्यासारखं दिसतं. पेशींचा लाल थेंब एकदा पडला की खाली सिरमचे दोन थेंब होते की नव्हते, हे कळायला मार्ग उरत नाही. रॅकमध्ये दहा-बारा नळ्या आहेत, मध्येच फोन वाजला आणि एका नळीत सिरम घालायचं राहून गेलं, तर त्या नळीत गुठळी होणार नाही. क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रुग्णाचं सिरम आणि दात्याच्या पेशी जुळवून बघण्याच्या या चाचणीत, गुठळी नाही याचा अर्थ रक्त जुळलं. मग बॅग इश्यू होणार. सिरम आधी घातलेलं असेल तर पेशी घालण्यापूर्वी अख्खा रॅक उजेडासमोर धरता येतो आणि कोरडी नळी तिथेच सापडते.

कामाच्या लेखी पद्धतीत, म्हणजे एसओपीमध्ये, हा नियम जेमतेम एका ओळीत असतो. त्यामागचं कारण मात्र बहुतेकांना शेजारच्या स्टुलावर बसलेल्या कुणा मॅडमकडून किंवा सरांकडून कळतं. ग्रुपिंगच्या, म्हणजे रक्तगट ठरवण्याच्या, अँटिसेरांमध्ये कंपन्या मुद्दाम रंग घालतात, अँटि-ए निळं आणि अँटि-बी पिवळं, त्यामागेही मोठा हेतू हाच, की काय घातलं आणि काय राहिलं ते डोळ्यांना दिसावं. रुग्णाच्या सिरमला असा रंग घालता येत नाही, म्हणून तिथे सवयीचा आधार.

या कामाची सगळी गोम इथेच आहे. क्रॉसमॅचमध्ये आपल्याला ‘काही झालं नाही’ हेच उत्तर हवं असतं, आणि काही न होण्याच्या वाटा दोन असतात. एक तर व्हायला काही कारणच नव्हतं, किंवा आपण काहीतरी चुकवलं. दोन्ही नळ्या अगदी सारख्या दिसतात. नवखा माणूस पॉझिटिव्ह निकालाला बिचकतो, चारदा तपासतो, कुणाला तरी हाक मारतो. निगेटिव्ह आला की सुटकेचा श्वास सोडून पुढची नळी उचलतो. जुनी माणसं नेमकी उलटी वागतात. पॉझिटिव्ह निकालाने निदान स्वतःहून काही सांगितलेलं असतं. निगेटिव्हला बोलतं करावं लागतं. ज्येष्ठांकडून शिकायच्या पन्नास गोष्टी असतील, पण त्यांतल्या बऱ्याचशा या एकाच संशयाच्या शाखा आहेत असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या कायद्यानेही ही शेजारी बसून शिकण्याची मुदत मोजलेली आहे. रक्तपेढीतल्या टेक्निशियनकडे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा असेल तर रक्तपेढीतल्या कामाचा १ वर्षाचा, आणि पदवी असेल तर ६ महिन्यांचा अनुभव नियमांनी मागितला आहे. परीक्षेत पहिला आलेला मुलगाही या मुदतीतून सुटत नाही.

आता नळी वाचण्याचंच बघा. सेंट्रीफ्यूजमधून नळी बाहेर काढली की तळाशी पेशींचं एक लाल बटण बसलेलं असतं. नळी हळूच कलवायची, बटण तळापासून सुटताना बघायचं. सगळं बटण एका घट्ट तुकड्यात सुटलं आणि भोवतीचं पाणी स्वच्छ राहिलं तर ४ प्लस. मोठे दोन-तीन तुकडे असतील तर ३ प्लस. मग उतरत उतरत बारीक कणांपर्यंत, आणि शेवटी पेशी सरसकट विरून पाणी एकसारखं लाल झालं तर निगेटिव्ह. पुस्तकात याचा छान तक्ता असतो. तक्त्यात नसतो तो मनगटाचा जोर. नवा माणूस नळी हलवतो ती औषधाची बाटली हलवावी तशी, आणि अशक्त अँटिबॉडीने कशाबशा धरून ठेवलेल्या गुठळ्या त्या झटक्याने फुटून जातात. उत्तर: निगेटिव्ह. म्हणून अनुभवी मंडळी नवख्याच्या नळीपेक्षा त्याच्या हाताकडे बघतात. काही ठिकाणी तीच नळी दोघांनी वेगवेगळी वाचून आकडे जुळवण्याची पद्धत आहे. शिकण्याचा याहून स्वस्त आणि चांगला मार्ग मला माहीत नाही.

बटण सुटताना बघायचं असतं, सुटून गेल्यावर नव्हे, हेही असंच हळूहळू अंगवळणी पडतं. त्याआधी वरच्या द्रवाकडे नजर टाकायची. तो पारदर्शक लालसर झाला असेल आणि तळाचं बटण लहान झालं असेल किंवा नाहीसंच असेल, तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. याला हीमोलिसिस म्हणतात. गुठळ्या दिसत नाहीत म्हणून नवखा इथे निगेटिव्ह लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात हा भक्कम पॉझिटिव्ह असतो, कारण अँटिबॉडीने पेशींना नुसतं चिकटवलं नाही, फोडूनच टाकलं. उलट बाजूचा चकवाही आहे. मल्टिपल मायलोमासारख्या आजारात रक्तातली प्रथिनं वाढलेली असतात, तेव्हा तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात आणि गुठळीचा भास होतो. सिरम काढून त्या जागी सलाइन घातलं की या चळती सुटतात, खरी गुठळी सुटत नाही. एकदा सूक्ष्मदर्शकाखाली कुणी हे दाखवलं की पुन्हा विसरत नाही.

कूम्ब्स चाचणीत तर निगेटिव्हवर संशय घेणं ही चाचणीचीच एक पायरी झाली आहे. १९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी मूरंट आणि रेस यांच्यासोबत ही चाचणी मांडली. अडचण अशी होती, की आयजीजी जातीच्या अँटिबॉडी पेशीला चिकटतात, पण आकाराने लहान असल्यामुळे दोन पेशींमधलं अंतर ओलांडून त्यांना एकत्र बांधू शकत नाहीत. पेशींवर अँटिबॉडी बसलेली असते आणि नळीत मात्र काहीच दिसत नाही. कूम्ब्सनी मानवी ग्लोब्युलिनविरुद्धचा द्रव त्यात घातला. तो या चिकटलेल्या अँटिबॉडींना एकमेकींशी जोडतो आणि न दिसणारी प्रतिक्रिया दिसू लागते. मात्र त्याआधी पेशी सलाइनने तीन-चार वेळा नीट धुवाव्या लागतात. मोकळी सुटलेली ग्लोब्युलिनं नळीत राहिली तर कूम्ब्सचा द्रव त्यांच्यावरच खर्च होतो आणि पेशींपर्यंत पोहोचतच नाही.

धुण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, नाइट ड्यूटीला जरा जास्तच. म्हणून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत ‘चेक सेल्स’ घालतात. या आधीच आयजीजीने माखलेल्या पेशी असतात. नळीत कूम्ब्सचा द्रव शाबूत असेल तर या पेशींची गुठळी व्हायलाच हवी. झाली, तर आधीचा निगेटिव्ह खरा धरायचा. नाही झाली, तर तो निकाल रद्द करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवख्याला ही फुकटची पायरी वाटते, कारण बहुतेक वेळा गुठळी होतेच. जेल कार्ड वापरणाऱ्या रक्तपेढ्यांत धुण्याची आणि चेक सेल्सची भानगड उरलेली नाही, आणि तिथे शिकलेल्या मुलांना टेस्ट ट्यूबचं हे कसब जुनाट वाटतं. वाटू द्यावं. कार्डं संपतात, यंत्र बंद पडतं, आणि ते नेमकं शनिवारी रात्रीच होतं.

ज्या निगेटिव्हमुळे मुंबईचं नाव जगभरच्या रक्तशास्त्राच्या पुस्तकांत गेलं, तो किस्सा इथे सांगायलाच हवा. रक्तगट दोन बाजूंनी ठरवतात. सेल ग्रुपिंगमध्ये रुग्णाच्या पेशी अँटि-ए आणि अँटि-बी यांच्यासमोर धरतात. सिरम ग्रुपिंगमध्ये रुग्णाचं सिरम माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशींसमोर. अँटि-ए निगेटिव्ह, अँटि-बी निगेटिव्ह, म्हणजे गट ओ, असं शाळेतलं पोरही सांगेल. पण काही थोड्या माणसांच्या पेशी अशा ‘ओ’ दिसतात आणि त्यांचं सिरम मात्र ओ पेशींच्याही गुठळ्या करतं. सामान्य ओ गटाच्या पेशींवर एच नावाचा अँटिजन भरपूर असतो. ए आणि बी अँटिजन याच एचवर साखरेचा एकेक रेणू जोडून तयार होतात. या माणसांत मुळात एचच नसतो, त्यामुळे ए-बी बनायला पायाच नाही, आणि त्यांच्या सिरममध्ये अँटि-एच असतं. त्यांना ओ गटाचं रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचं वर्णन केलं, आणि तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. भारतात साधारण १० हजारांत एकाचा गट हा असतो, जगात इतरत्र त्याहून फारच कमी.

म्हणजे साध्या भाषेत, सिरम ग्रुपिंगमध्ये ओ पेशींची नळी लावली तर बॉम्बे गट तिथे आरडाओरडा करतो; नळी वगळली तर गप्प बसतो. ओ पेशींची गुठळी सहसा कधीच होत नाही, म्हणून ही नळी वगळण्याचा मोह फार. ‘कशाला वाया घालवायच्या पेशी?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि जुने लोक त्यावर हा किस्सा सांगतात. (क्रॉसमॅचमध्ये पुढे तो पकडला जातोच, पण तोवर रक्ताची घाई सुरू झालेली असते.) संशय आला तर अँटि-एच लेक्टिन, म्हणजे अँटिबॉडीसारखं काम करणारं वनस्पतींतलं प्रथिन, लावतात. ते यूलेक्स नावाच्या युरोपीय झुडपाच्या बियांपासून काढतात. ए गटाचे ए१ आणि ए२ हे उपगट वेगळे करणारं लेक्टिन तर आपल्या कुळथापासून मिळतं. पिठलं करायचं ते कुळीथ रक्तगट ओळखतं, हे ऐकून नवी मुलं पहिल्यांदा हसतात. संशोधक बर्ड यांनी कुळथाचा हा गुण १९५१ साली ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात नोंदवला होता.

आरएच गटाच्या बाबतीतही तोच धडा. दात्याची डी चाचणी पहिल्या फेरीत निगेटिव्ह आली म्हणून बॅगेवर ‘निगेटिव्ह’ छापत नाहीत. कूम्ब्सपर्यंत नेऊन वीक डी आहे का ते बघतात. असला तर ती बॅग पॉझिटिव्ह म्हणूनच जाते.

काही निगेटिव्ह मात्र कितीही चांगलं काम केलं तरी फसवतात. किड गटाच्या अँटिबॉडी यासाठी बदनाम आहेत. एखाद्या बाईला पूर्वी कधी रक्त दिलं, त्यातून अँटि-किड तयार झाली. काही महिन्यांत तिचं प्रमाण इतकं उतरतं की चाचणीत ती दिसतच नाही. आज क्रॉसमॅच स्वच्छ जुळतो, रक्त दिलं जातं, शरीराची जुनी ओळख जागी होते आणि काही दिवसांनी रुग्णाला कावीळ दिसू लागते, हिमोग्लोबिन उतरतं. यावर नळीत उपाय नाही, उपाय जुन्या नोंदींत आहे. म्हणून अनुभवी टेक्निशियन रिक्विझिशन फॉर्म हातात आला की सॅम्पलकडे बघण्याआधी विचारतो: याआधी रक्त घेतलं होतं का, कुठल्या दवाखान्यात, बाळंतपणं किती, एखाद्या बाळाला जन्मतःच जास्त कावीळ झाली होती का? थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांच्या आया आपल्या मुलाची फाइल रक्तपेढीपेक्षा नीट ठेवतात, आणि शहाणा नवखा त्यांच्याकडूनही शिकतो.

सगळ्यांत घातक निगेटिव्ह मात्र लेबलातून येतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचं रक्त काढलं आणि नळीवर आपल्या रुग्णाचं नाव लिहिलं, तर रक्तपेढीतली प्रत्येक चाचणी अचूक येईल, क्रॉसमॅच बिनचूक जुळेल, आणि बॅग चुकीच्या माणसाला चढेल. एबीओ न जुळणारं रक्त दिलं जाण्याच्या घटनांमागे प्रयोगशाळेतल्या चुकांपेक्षा अशी ओळखीची गफलत अधिक असते, हे जगभर दिसून आलं आहे. अशा वेळी नवख्याची परीक्षा टेलिफोनवर होते.

‘सिस्टर, ट्यूबवर नुसतं आडनाव आहे, नोंदणी क्रमांक नाही. नवं सॅम्पल पाठवा.’

‘अहो, मीच घेतलंय ना, मला माहितीये कुणाचं आहे. तुम्ही क्रमांक लिहून टाका की.’

बाहेर खिडकीशी नातेवाईक उभा असतो, ‘दादा, लवकर करा हो’ म्हणत असतो. नव्या मुलाला वाटतं, एका आकड्यासाठी अडवणं म्हणजे माणुसकी सोडणं. इथे तो ज्येष्ठाकडून जे शिकतो त्यातलं तंत्र थोडंच असतं, बाकीचा सगळा आवाज: न चिडता, न वाद घालता, ‘सिस्टर, मी कुणाला तरी पाठवतो हवं तर, पण सॅम्पल नवं लागेल’ हे तिसऱ्यांदा सांगता येणं. खरोखर मिनिटाचाही वेळ नसेल तर त्यासाठी वेगळी वाट आहेच. डॉक्टरांच्या सहीच्या मागणीवर ओ गटाच्या तांबड्या पेशी क्रॉसमॅचशिवाय देता येतात. म्हणजे अर्धवट लेबलाची नळी स्वीकारण्याची वेळ तातडीच्या प्रसंगीही येत नाही. हे माहीत असलं की नकार देताना हात थरथरत नाही.

रक्तदान शिबिरातही हाच खेळ आहे, फक्त तिथे निगेटिव्ह माणसाच्या तोंडून येतो. महाराष्ट्रात गणेश मंडळांपासून साहेबांच्या वाढदिवसापर्यंत कशानिमित्तही शिबिर भरतं. दात्याच्या अर्जावर प्रश्नांची रांग: कावीळ झाली होती का, वर्षभरात टॅटू काढला का, औषध चालू आहे का. शेजारी मित्र उभे, मागे रांग, आणि दाता वरपासून खालपर्यंत ‘नाही’वर खुणा करत सुटतो. अनुभवी काउन्सेलर तेच प्रश्न पुन्हा वाचत नाही. मित्रांना जरा बाजूला चहा घ्यायला पाठवतो आणि विचारतो, ‘गेल्या वर्षात दवाखान्यात कशाला जावं लागलं होतं?’ याला ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. पुढे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या चाचण्या सक्तीच्या आहेत खऱ्या, पण संसर्ग झाल्यानंतर काही काळ त्याही निगेटिव्ह येतात. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणाऱ्या नॅट चाचणीने हा काळ आखूड केला, संपवलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घेणं बंद झालं, त्याचं एक कारण हेच. ज्याला रक्ताचे पैसे हवेत तो प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’च म्हणणार.

सुई लागल्यावरही नजर बॅगेच्या वजनावर कमी आणि चेहऱ्यावर जास्त हवी. बोलका पोरगा एकदम गप्प झाला, जांभई दिली, कपाळावर घाम आला, की तो चक्कर येऊन पडण्याच्या बेतात आहे. जुन्या सिस्टर तोवर बोलता बोलता त्याचे पाय वर उचलून मोकळ्या झालेल्या असतात.

फ्रिजबद्दल थोडक्यात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला, प्लेटलेट्स २० ते २४ अंशांना सतत हलत्या, प्लाझ्मा उणे ३० किंवा त्याखाली, हे पाठ होतं. अलार्म वाजला नाही म्हणजे तापमान ठीक, हे मात्र पाठ करू नये. अलार्मची तार निघालेली असली तरी तो वाजत नाही. म्हणून ठरावीक काळाने प्रोब मुद्दाम गरम पाण्यात धरून अलार्म वाजवून बघतात.

इथपर्यंत ज्येष्ठांची बाजू घेतली, पण त्यांच्याकडून चुकीच्या गोष्टीही तितक्याच सहज शिकता येतात. सकाळी एकदाच बसून दिवसभराची तापमानं भरून टाकणं, नळ्यांवर आधीच नावं लिहून ठेवणं, ‘ओळखीचा पेशंट आहे’ म्हणून सिरम ग्रुपिंग न करणं. नव्याने विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही.’ ‘काही झालं नाही’ हाही एक निगेटिव्हच, आणि त्यात चेक सेल्स कुणी घातलेल्या नसतात. रक्त चढवल्यावर आलेली थंडी-ताप वॉर्डातल्या वॉर्डात गोळी देऊन मिटवली गेली असेल, काविळीचं खापर मूळ आजारावर फुटलं असेल, तर रक्तपेढीपर्यंत बातमी येणार कुठून? देशात हीमोव्हिजिलन्स कार्यक्रम डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला तो अशा प्रतिक्रिया नोंदवून घेण्यासाठीच. नवख्याने ज्येष्ठाला जाब विचारू नये, पण ‘सर, हे असं का?’ हे विचारावं. कारण सांगता आलं तर ते शिकावं. नुसती वर्षं सांगितली गेली तर एसओपी उघडावी.

प्रतिक्रिया कळवली गेली की ती तपासण्याचं काम एकदा तरी चांगल्या माणसाच्या शेजारी उभं राहून करावं. नवखा लगेच सेंट्रीफ्यूजकडे धावतो. जाणता आधी टेबलावर कागद मांडतो: वॉर्डातून परत आलेली बॅग, तिच्यावरचं लेबल, इश्यू रजिस्टर, मागणीचा फॉर्म, रक्त चढवण्याआधीचं सॅम्पल आणि नंतरचं. नावं आणि क्रमांक मोठ्याने वाचून जुळवतो. मग दोन्ही सॅम्पलचा प्लाझ्मा शेजारी शेजारी धरून दुसरा लालसर झाला आहे का बघतो. त्यानंतर नव्या सॅम्पलवर थेट कूम्ब्स, दोन्हींचं पुन्हा ग्रुपिंग, पुन्हा क्रॉसमॅच. पुष्कळदा यातून काहीच निघत नाही आणि साधा ताप होता असं ठरतं. तरीही तो अहवाल पूर्ण लिहायचा, कोणती चाचणी कुणी केली आणि कुणी पडताळली त्या दोघांच्या सह्यांसकट.